लिनक्स आणि केरळातील शिक्षक

संगणक सुरू करताच पडद्यामागे जी यंत्रणा जागी होते आणि बाकीच्या कामांना वाट करून देते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना यांतली विंडोज तेवढी ठाऊक असते. लिनक्स ही दुसरी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोहोंची जोड जमली. १९९२ पासून या गाभ्यास ग्नूचा परवाना लागू आहे. कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, वाटावे. मात्र बदललेले वाटताना घेणाऱ्यालाही तोच हक्क द्यावा, अशी त्याची अट. आम्ही कामगार चळवळीतल्या माणसांनी आयुष्यभर करारनामे वाचले; असले कलम आमच्या पाहण्यात आले नव्हते!

तथापि वस्तू चांगली आहे एवढ्यावरून लोक ती उचलतात, असे क्वचितच घडते. म्हणूनच केरळची हकिकत आम्हांस मोलाची वाटते. तेथे २००१ साली शाळांतून संगणक शिकवण्याची 'आयटी अ‍ॅट स्कूल' ही सरकारी योजना निघाली. त्याच वर्षी जुलैत स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचा आरंभ झाला. योजनेतले शिक्षण मात्र प्रथम विंडोजवरच बेतलेले होते. त्याला हरकत घेणाऱ्यांत केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन ही शिक्षकांची संघटना पुढे होती. पगारवाढीसाठी भांडणारी संघटना अभ्यासक्रमासाठीही भांडते, हे पाहून आमची छाती फुगली, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी शाळेतले शिक्षण एका कंपनीच्या मालाशी का बांधावे, हा वादाचा मुद्दा होता.

पण नुसत्या हरकतीने शाळा बदलत नाही. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवरून शाळांसाठी वेगळी प्रणाली तयार झाली. शिक्षकांतूनच प्रशिक्षक नेमले गेले व त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले. अडला तर विचारायला शाळेतलाच माणूस, ही सोय आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे २०१७ साली या योजनेचे 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले, आणि २०१९ साली शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी तिने नवी आवृत्ती दिली.

जर्मनीतल्या म्युनिक नगरपालिकेनेही २००३ साली हाच निर्णय घेऊन पुढील दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले. २०१७ साली तिथल्या सभागृहाने परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले. तेव्हा एकदा झालेला बदल टिकतोच, असे समजू नये.

हा विषय आज आपल्या दाराशी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अनेक धडधाकट संगणकांवर पुढची आवृत्ती चढत नाही. त्यांवर लिनक्स चालू शकते. नवख्याने आधी आपल्या फायलींची प्रत काढावी. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, जुन्याला हात न लावता, चार दिवस पाहावे. लिब्रेऑफिस तर विंडोजवरही चालते, तेव्हा तो सराव आजच करता येईल. मराठी माणसाची एक अडचण निराळी आहे : युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेली पत्रके तो फाँट नसला की निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत, आणि उतरवल्यावर एकदा वाचून पाहावीत. जोडाक्षरे हमखास चुकतात.