धांवणें आणि पळणें

धांवणें आणि पळणें हीं दोन क्रियापदें एकाच अर्थाचीं आहेत, असें शाळेंत सांगून टाकतात आणि विद्यार्थीही तें निमूटपणें लिहून घेतात. परंतु भाषा एका कामासाठीं दोन गडी उगाच पोशीत नाहीं. दोन शब्द शेंकडों वर्षें शेजारीं नांदले, तर त्यांच्यांत कोठें तरी वांटणी झालेली असते. आणि ती पाहावयाची तर कोशाइतकेंच इतिहासाकडे व शिवाराकडेही वळलें पाहिजे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीनें गोष्ट सोपी आहे. धांवणें हें संस्कृत 'धाव्' पासून आलें. पळणें हें 'पलायन' ज्यापासून झालें त्याच मुळापासून. म्हणजे आरंभीं एक नुसती गति होती आणि दुसरी भयाची गति. धांवणाऱ्याला कोठें तरी पोंचावयाचें असतें, पळणाऱ्याला कोठून तरी सुटावयाचें असतें. म्हणूनच संकटांत देवाचा 'धांवा' करतात. देवानें पळून यावें असें कोणी भक्त म्हणत नाहीं. गल्लींत आग लागली म्हणजे मदतीला येणाऱ्यांची होते ती धांवाधांव, आणि जीव घेऊन सुटणाऱ्यांची होते ती पळापळ. (घटका-पळांतील चोवीस सेकंदांचें 'पळ' अगदीं निराळें, त्याचा या पळण्याशीं संबंध नाहीं.)

ही सुबक वांटणी पुण्यामुंबईच्या लिहिण्यांत टिकते; कृष्णेच्या पूर्वेस कवठे महांकाळच्या बाजूला नेली कीं ढांसळते. मिरजेहून पंढरपुराकडे जातांना लागणारें हें तालुक्याचें गांव. अग्रणी नदीचा टापू, पाऊस बेताचा, आणि पलीकडे अथणीचा कानडी मुलूख, जेथें याच क्रियेला 'ओडु' म्हणतात. इकडच्या घरांत आई मुलाला 'पळत जा आणि पळत ये' असें सांगते, त्यांत भयाचा लवलेश नसतो. शर्यतींत बैल धांवत नाहींत, पळतात. आणि चांगल्या बैलाची सारी तारीफ 'पळतो' या एका शब्दांत उरकते. अशा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मनाई केली आणि २०२३ च्या मे महिन्यांत राज्याचा सुधारलेला कायदा ग्राह्य धरला, परंतु बैलाच्या क्रियापदाला मनाई झाली नाहीं. या बोलीला अशुद्ध म्हणून हिणविणाऱ्या शिक्षकानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं शब्दाची भीति गळून निखळ गति उरली, हा अर्थाचा ऱ्हास नव्हे, विस्तार आहे.

मग या मुलखांतून 'धांव' गेली कोठें? ती विहिरीवर गेली. मोटेच्या विहिरीपासून दूर उतरत जाणारी जी बैलांची वाट, तिला धांव म्हणतात. बैल धांवेवरून खालीं उतरले कीं नाडा ताणला जाऊन भरलेली मोट वर येते, पाणी थारोळ्यांत ओततें आणि पाटानें पिकाकडे जातें. मग बैल पाठमोरे, पाऊल पाऊल मागें सरत पुन्हां विहिरीशीं येतात. म्हणजे जिचें नांव धांव, तिच्यावर धांवणें असें कधीं घडतच नाहीं! बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवितो व पाणी ओतून आंवळतो, ती लोखंडी पट्टीही धांवच. आणि सरड्याची धांव कुंपणापर्यंत, या म्हणींतील धांव तर पोंच या अर्थाची. तिन्ही ठिकाणीं मर्यादा आंखलेली आहे, हें पाहण्यासारखें आहे.

हा भेद कोशापुरताच असता तर सोडून देतां आला असता. परंतु माणसांच्या शौर्याचा निवाडा त्यावर झालेला आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफजलखान पडला आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. मध्यें अवघे अठरा दिवस. पुढें मिरजेच्या किल्ल्याला वेढा पडला, नेताजी पालकराचे स्वार आदिलशाही मुलखांत खोल शिरले. मिरज आणि विजापूर यांच्यामधलें पठार तें हेंच. या गतीला मराठ्यांनीं 'दौड' म्हटलें. दौड हिंदुस्थानीकडची, कूच फारसी, मजल अरबी. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश रचून दरबारच्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी खोगिरावरच्या माणसानें कूच आणि मजल सोडली नाहीं.

याच स्वारांनीं तोंड फिरविलें कीं मोगल इतिहासकार लिहीत, मराठे पळाले. संताजी घोरपड्यांनीं १६९५ सालीं दोड्डेरीला कासिमखानास कोंडून त्याचा अंत घडवून आणला, तो समोरासमोर एकदांच भिडून नव्हे. झोंबावें, मागें सरावें, हूल द्यावी, शत्रूची फळी विसकटली कीं उलटून पडावें, ही ती रीत. तिला पळणें म्हणावें, पण कवठ्याच्या बैलाच्या अर्थानें. फारशींतून इंग्रजींत आणि तेथून पुन्हां मराठींत येतांना या शब्दाला पलायनाचा डाग लागला, आणि कित्येक शाळकरी पुस्तकांतून तो तसाच राहिला. उलट, १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडल्यानंतर जें झालें, त्यास पळ हाच शब्द आहे. तेथें अभिमानापोटीं दुसरा हुडकूं नये.

खऱ्या पळण्याची थट्टा करण्यांत मराठी मोठी उदार. धूम ठोकणें, सुंबाल्या करणें, काढता पाय घेणें. आणि पोबारा करणें, जें सोंगट्यांच्या डावांतील दानावरून आलें. हिंदींत पौबारा म्हणजे भाग्य उघडणें, आणि मराठींत मात्र निसटणें!

पण एका जाण्याला या मुलखानें पळणें म्हटलेलें नाहीं. १८७६ चा दुष्काळ असो वा १९७२ चा, विहिरी आटल्या, धांवेवर बैल उभा राहिना, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें गांव सोडून निघालीं. त्याला येथें 'जगायला जाणें' म्हणतात. आतां म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून या तालुक्यांत आणलें आहे, मोटा केव्हांच थांबल्या आहेत. जुन्या विहिरीच्या कांठीं उतरता चौथरा दिसला, तर त्याला म्हातारीं माणसें अजून धांवच म्हणतात.