बुफे नावाचं कपाट



बुफे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव येतो. हातात ताट, पुढे रांग, मागे रांग, भाताच्या परातीशी ढकलाढकली. आमच्या गटातली एक काकी त्याला 'उभ्याचं जेवण' म्हणते आणि अशा लग्नातून उपाशीच घरी येते. पण आज मी ज्या बुफेबद्दल बोलणार आहे, ते जेवण नाही, कपाट आहे. कमरेएवढं उंच, लांबट, खाली दारं, मधे खण आणि वर दगडाची फळी. शब्द फ्रेंच आहे. आधी कपाटाला बुफे म्हणत. मग त्या कपाटावर जेवण मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं, या पद्धतीलाच तेच नाव पडलं. कपाट मागे राहिलं, नाव मांडवात आलं.

याच्याशी माझी गाठ पडली ती आमच्या भोजनालयामुळे. प्रकाशाला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या बचत गटाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भरीत, शेवभाजी, भाकरी, ठेचा, एवढाच बेत. जेवायच्या खोलीत वाढपासाठी काहीतरी हवं होतं. सुताराने प्लायवूडच्या काउंटरचे १४ हजार सांगितले. तेवढ्यात कळलं की नवापूरकडे एक जण जुन्या घरांचं लाकूडसामान विकतो. नवापूरचं स्टेशन तुम्हाला माहीतच आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. त्याचा मालही तसाच, इकडचा-तिकडचा. त्याच्याकडे हे कपाट होतं. सागाचं, वर पांढरा संगमरवर, त्यात राखी रेघा. सांगितले १८ हजार. म्हणाला, "पारशाच्या घरातलं आहे ताई, सुरतेकडचं." जुनं सामान विकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, कारण तसं म्हटलं की किंमत वाढते. पण अशी कपाटं मुळात कोणाच्या घरात होती, हे पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

युरोपात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी बुफे हा मिरवायचा प्रकार होता. जेवणाच्या दालनात पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी करायची आणि त्यावर चांदीची भांडी रचायची. पाहुण्याने पाहावं आणि समजावं, यजमान केवढा मोठा आहे ते. आपण मांडणीवर पितळेचे डबे घासून ओळीने लावतो, त्यात आणि यात मला तरी फार फरक दिसत नाही. पुढे दारं आली, खण आले, आणि वर संगमरवर आला. कारण साधं आहे. गरम भांडं ठेवलं तर लाकडावर डाग पडतो, ओलं ठेवलं तर लाकूड फुगतं. दगड दोन्ही सोसतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या खात्यापित्या घरांत हे सामान रूढ झालं.

आपल्याकडे त्याला जागाच नव्हती. आपण पाटावर बसणार, पंगतीत वाढणारी वाकून वाढणार, आणि अन्न राहणार स्वयंपाकघरात. दूध-तूप शिंक्यावर, लोणचं फडताळात, धान्य कणगीत, बाकी सगळं उतरंडीत. जेवायची वेगळी खोली हीच कल्पना नवी. ती इंग्रजांच्या बंगल्यांतून आली आणि मुंबई, सुरत, नवसारीच्या धनिक पारशी घरांनी ती लवकर उचलली. टेबल आलं, खुर्च्या आल्या, चिनी मातीच्या बशा आल्या, मग त्या ठेवायला बुफेही आलं. मुंबईत तर शिसवीवर दाट कोरीवकाम करणारे कारागीर होते, आणि 'बॉम्बे ब्लॅकवूड' या नावाने त्यांचं सामान परदेशी जात असे. संगमरवर आपल्याकडचा म्हणजे राजस्थानातल्या मकराण्याचा, ज्याने ताजमहाल बांधला तोच. दुसरा बोटीने यायचा, इटलीतल्या कॅरारा गावचा.

संगमरवरी टेबल सामान्य माणसाला दिसलं ते इराणी हॉटेलात. मुंबईत धोबीतलावला १९०४ साली सुरू झालेलं कयानी अजून चालू आहे. गोल लाकडी खुर्च्या, दगडी टेबल, पाव-मस्का आणि चहा. फडकं फिरवलं की टेबल पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. आधीचं गिऱ्हाईक कोण होतं, कोणत्या जातीचं होतं, हे त्या दगडावर उरत नाही. आपल्या घरांत मातीचं भांडं, लाकडी पाट, सगळ्याला शिवाशीव लागायची. म्हणून मला वाटतं, या गुळगुळीत दगडाने शहरात न बोलता बरंच काम केलं असेल.

आता सागाकडे येऊ, कारण तिथे आपला जिल्हा येतो. इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथलं जंगल १८४२ साली भाड्याने घेतलं, ते सागासाठी. जहाजांना साग, पुढे रेल्वेला साग, बंगल्यांना साग. १८७८ साली जंगलाचा कायदा कडक झाला आणि राखीव जंगलात कुऱ्हाड चालवणं हा गुन्हा ठरला. १९०० च्या सुमारास तापीच्या काठाकाठाने सुरतेहून रेल्वे आली, तीच आपल्या नवापूर-नंदुरबारवरून जाते. १९१३ साली बिलिमोरा ते वघई अशी छोटी गाडी डांगच्या तोंडाशी पोचली, लाकूड बाहेर न्यायला. झाड तोडायला आणि ओढायला आदिवासी माणूस. त्याच्या घराला मात्र कुडाच्या भिंती. ज्या सागावर माझं बोट फिरत होतं, तो सातपुड्यातला की डांगातला हे लाकूड बोलत नाही. पण तो आपल्या बाजूचा असावा, असं मनात आल्यावर मी घासाघीस करायचं विसरले.

बरोबर गटातल्या सर्वांत वयस्कर आजी होत्या. पावरा घरातल्या, ऐंशीच्या आसपास. त्यांनी खालचं दार उघडलं. आत एका बाजूला चौकोनी उभे कप्पे होते. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. विकणारा म्हणाला, "बाटल्या ठेवायला." आजींनी दार लावलं आणि म्हणाल्या, "मग हे आपल्याला नको."

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. मोहाची दारू आदिवासींच्या घरात पूर्वीपासून होती. देवाला धार घालायची, लग्नात, मरणात थोडी द्यायची. फुलं जंगलातली, मडकं घरचं. १८७८ च्याच साली मुंबई सरकारचा अबकारी कायदा आला. घरी गाळणं गुन्हा झाला. दारू एका ठिकाणी गाळायची, कर भरायचा आणि ती ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. दक्षिण गुजरात आणि ठाण्याच्या पट्ट्यात हे ठेके बरेचसे पारशी व्यापाऱ्यांकडे होते, खानदेशातही त्यांची दुकानं होती. जो दुकानदार तोच कित्येक ठिकाणी सावकार. उधारीत दारू, उधारीत जमीन. मोहाचं फूल आपलं, आणि त्याचंच पाणी पैसे देऊन विकत. यात सर्वांत मोठा वाटा सरकारचा होता हे विसरू नका, कारण महसूल तिथे जात होता.

१९२२ साली त्याला उत्तर मिळालं, आणि ते एका देवीच्या नावाने मिळालं. पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट उठली आणि डांगातून सोनगड, व्यारा, वालोडकडे आणि आपल्या खानदेशाच्या बाजूलाही आली. लोक मांडवात जमत, कोणाच्या तरी अंगात सलाबाई देवी येई आणि ती आज्ञा देई : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. सुरतेच्या बाजूला त्यात आणखी एक आज्ञा आली, पारशी ठेकेदाराचं काम करू नका. दुकानं ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मग १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यात मोरवडचे गुलाम महाराज झाले. दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारायची, लहानाला, मोठ्याला, सगळ्यांना 'आप'. ज्यांना कालपर्यंत सगळे 'ए' म्हणत, त्यांच्यासाठी ही केवढी गोष्ट असेल.

पण पारशी म्हटलं की दारूचा ठेका, असं मनात धरू नका. बहुतेक पारशी कुटुंबांचा या धंद्याशी काही संबंध नव्हता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यापैकी पुष्कळांचा तो कापसाचा, जहाजांचा, चीनच्या व्यापाराचा होता. आणि त्याच समाजातली एक बाई मला इथे मुद्दाम सांगायची आहे. मिठूबेन पेटिट. मुंबईतल्या अतिशय श्रीमंत घराण्यातली मुलगी. ज्या घरात असली बुफे ओळीने असतील, तशा घरातली. त्या खादी नेसल्या, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरल्या, सुरत जिल्ह्यात बायकांना घेऊन दारूच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. पुढे नवसारीजवळ मरोलीला आश्रम काढून आदिवासी मुलामुलींसाठी आयुष्यभर तिथेच राबल्या.

आमच्या आजींना हे सगळं पुस्तकातून माहीत नाही. ठेकेदाराच्या दुकानाच्या गोष्टी त्यांनी सासूकडून ऐकल्या. आणि १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या काळात बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या, त्यात त्या स्वतः होत्या. तेव्हा फोडलेली मडकी आपल्याच माणसांची होती. नवरा पितो, मारतो, मजुरी उडवतो, म्हणून. देवाला धार घालायची ती दारू वेगळी, असं त्या आजही म्हणतात. मी एकदा वाद घातला होता, परत घालणार नाही.

त्या दिवशी आम्ही काही न घेता परत आलो. गटाच्या बैठकीत दोन तास बोलणं झालं. एक जण म्हणाली, बाटल्यांचं पाप लाकडाला कसं लागेल? दुसरी म्हणाली, साग आपल्या जंगलातून गेला, आता आपल्याकडे परत येतोय. तिसरीने सरळ विचारलं, प्लायवूड किती वर्षं टिकेल? शेवटी हात वर करून ठरलं : नीट तपासायचं, ११ हजारांच्या वर जायचं नाही.

तपासलं कसं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरात जुनं कपाट असेल आणि कोणी ते फुकटात मागत असेल, तर हे उपयोगी पडेल. आधी खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यावर फळ्या दातांसारख्या एकात एक गुंतवलेल्या असतात. दात थोडे कमी-जास्त असले तर हाताचं काम, सगळे अगदी सारखे असले तर यंत्राचं. मागची बाजू बघा. फळ्या असतील तर जुनं, प्लायवूड असेल तर निदान पाठ तरी नवी. खाली बारीक पिवळी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. दगडावर तळहात ठेवा, खरा संगमरवर उन्हाळ्यातही गार लागतो. दगडाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर खरा, कारण संगमरवर हा चुनखडीच्याच जातीचा. थेंब लगेच पुसा.

आमच्या दगडाला मागच्या कोपऱ्यात चीर होती. ती दाखवली आणि भाव ११ हजारांवर आला. दगड नुसता वर ठेवलेला असतो, त्यामुळे नेताना आधी उचलून वेगळा करायचा, आणि काचेसारखा उभाच धरायचा. आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने मधे मोडतो. पाच फुटांचा तो दगड पस्तीस किलोच्या वर भरतो. आम्ही चौघींनी तो टेम्पोत गोधड्यांमध्ये उभा बांधला.

आता त्यावर लिंबू कापायला बंदी आहे. चिंच, दही, ताक सांडलं तर लगेच पुसायचं, नाहीतर चकाकी जाते आणि परत येत नाही. फरशी धुवायचं ॲसिड तर खोलीतच आणायचं नाही. तुमच्या ओट्याचा कडप्पाही चुनखडीचाच, त्यालाही हेच लागू. हळदीचा डाग पडला एकदा, तर दगड दोन दिवस उन्हात ठेवला आणि डाग बराच उडाला.

बाटल्यांच्या कप्प्यांत आम्ही तेलाचे आणि काकवीचे शिसे ठेवतो. तंतोतंत बसतात. आजी बैठकीला येतात, भाकरी त्यांच्याइतकी पातळ कोणाचीच होत नाही. पण त्या बुफेवरून वाढत नाहीत. चुलीजवळ त्यांची एक लाकडी मांडणी आहे, त्यांचं ताट-वाटी तिथेच असतं. गर्दीच्या दिवशीही त्या तिथूनच उचलतात आणि खोली ओलांडून पंक्तीपर्यंत येतात. त्यांच्या वाटेत कोणी बाक ठेवला, तर आमच्यातली कोणीतरी उठून तो बाजूला करते.