माउलीच्या अश्वावर कुणी बसत नाही

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख द्या, असं मंडळींनी मला सांगितलं. मी चौथी शिकलेला, बैलामागं चालणारा माणूस. कीर्तनाला उभं राहिलं की बोलता येतं, लिहायला बसलं की हात जड होतो. तरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आणि वाटेनं डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो. चूकभूल पदरात घ्यावी.

वारी फार जुनी. ज्ञानोबारायांच्याही आधीपासून लोक पंढरीला जात होते. पण पादुका पालखीत घालून नेण्याची रीत तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी इ.स. १६८५ मध्ये घातली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला यायच्या आणि तिथून ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेऊन दोघांची एकच पालखी पंढरीला जायची. आपण वाटेनं ज्ञानोबा-तुकाराम म्हणतो, ते असं.

पुढं हैबतबाबा आरफळकर आले. सातारा भागातल्या आरफळ गावचे. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या चाकरीत सरदार. सांगतात की, गावाकडं परतताना सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना धरलं. कोंडलेल्या जागी त्यांनी हरिपाठ सोडला नाही, आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदीला येऊन राहिले. त्यांनीच १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीचे शितोळे सरदार पाठीशी उभे राहिले. त्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावली. ते घोडे आजही कर्नाटकातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात.

आता यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट सांगतो. बाबा फौजेतले माणूस. म्हणून सोहळ्याला शिस्तही फौजेचीच लागली. पहाटे तळ हलवायला तीन वेळा कर्णा वाजतो. कोणती दिंडी रथापुढं, कोणती रथामागं, ते ठरलेलं. दिंडीला नंबर. चोपदार, भालदार, जरीपटका, नगारा, सगळा सरंजाम लष्करी. फौजेतलं एवढं सगळं आणलं आणि हत्यार तेवढं मागं ठेवलं. लाखो माणसं एका कर्ण्यावर उठतात, एका चोपावर गप्प होतात. असली ताकद एखाद्या राजाच्या हाती असती तर त्यानं काय केलं असतं, विचार करा. बाबांनी ती पंढरीच्या वाटेला लावली. स्वतःसाठी काय ठेवलं? आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकीचा समाधी सोहळा त्या पायरीच्या पूजनानं सुरू होतो. सरदार माणूस पायरी होऊन राहिला.

रिंगण आपण सगळ्यांनी पाहिलंय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, पुढं पुरंदावड्याला गोल. दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी. तो माउलींचा अश्व. त्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. मी लहान असताना आजाच्या खांद्यावर बसून पहिलं रिंगण बघितलं. आजाला विचारलं, "आबा, त्या घोड्यावर कोण का बसत नाही?" आजा म्हणाला, "बसलेत की. तुला दिसंनात एवढंच."

एवढी वर्षं झाली. किती मोठे लोक आले, किती मानकरी झाले, पण त्या पाठीवर बसायचं कुणाच्या मनात आलं नाही. सोहळ्याचे मालक म्हणवणारेसुद्धा पायीच चालतात. वारीची ताकद सगळ्यांची आहे, म्हणून ती कुणा एकाची नाही. हे शिकवायला पोथी लागत नाही, तो रिकामा अश्व पुरे.

दुसरी गोष्ट समाजआरतीची. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कडकडाट चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथपर्यंत चालत जातो, गाऱ्हाणं ऐकतो, समजूत काढतो. तिचे टाळ थांबल्याशिवाय आरती होत नाही. दिंडी दहा माणसांची का असंना. चोपदाराच्या हातात चोप आहे, दरडावता आलं असतं. पण रीत अशी की, ज्याच्या हाती चोप त्यानंच चालत जायचं.

हे सगळं मी कीर्तनात सांगत आलो. आता माझीच गोष्ट सांगतो. शंभर वर्षांच्या हिशोबात ती लपवून ठेवणं बरं नाही.

माझा आणि माझ्या चुलतभावाचा बांधावरून वाद होता. भावकीत असतो तसाच. तो चांगला टाळकरी, कीर्तनात माझ्या मागंच उभा राहायचा. एका वर्षी गावच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन माझ्याकडं होतं. सगळं गाव समोर. मी रातोरात बांध सरकवणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. लोक हसले आणि सगळ्यांच्या माना माझ्या मागं वळल्या. मला मागं टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला.

नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला मध्येच कुणी उत्तर देत नाही, देऊ शकत नाही. गळ्यात हार असतो, लोक पाया पडतात. ती ताकद माझी नव्हती, गादीची होती. मी तिच्यावर चढून बसलो. कोर्टात जे मला जमलं नसतं ते मी एका दृष्टान्तात केलं.

त्यानंतर तो कीर्तनाला उभा राहिला नाही. अकरा वर्षं दिंडीला आला नाही. बाराव्या वर्षी गेला. बांध कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही. त्यानं टाळ खाली ठेवला तेव्हा चोपदारासारखं चालत त्याच्याकडं जायला हवं होतं. मी अभंग पुढं चालवला.

पोरांनो, आता दिंडी तुमच्या हाती आहे. माणूस वाढलाय, मान वाढलाय. निवडणूक आली की गाड्या आपल्या राहुटीशी थांबतात. उद्या कुणी म्हणेल, एवढी माणसं तुमच्या शब्दात आहेत, तर जरा वापरा की. कधी रागात तुमचंच मन म्हणेल. त्या वेळी रिकाम्या पाठीचा अश्व आठवा.

चुलतभावाचा नातू आता आपल्या दिंडीत पताका घेऊन चालतो. सकाळी निघताना वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तसा मी आधी त्याच्या पाया पडतो. पोरगं लाजतं, "आजोबा, तुम्ही मोठे," म्हणतं. त्याला काही ठाऊक नाही. हा लेख वाचला तर कळेल.

राम कृष्ण हरि.