टेलीफोटोचं घराणं

लांबलचक नळकांडं दिसलं की आपण त्याला टेलीफोटो म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात हे भिंग जन्मलं ते नळकांडं आखूड करण्यासाठी. साध्या भिंगाचं नाभीय अंतर 600 मिमी असेल, तर दूरचं दृश्य टिपायला प्रतिमा उमटवणारी काच त्याच्यापासून 60 सेंटिमीटरवर ठेवावी लागे. 1891 साली लंडनचा डॅलमायर, बर्लिनचा मीथे आणि म्युनिकचा श्टाइनहाइल या तिघांनी आपापल्या परीनं तोडगा काढला: पुढे बहिर्गोल भिंग, मागे अंतर्गोल. मागचं भिंग किरणांना जरा उशिरा एकत्र येऊ देतं, त्यामुळे छोट्या नळीतून मोठी प्रतिमा मिळते. युक्ती तशी जुनीच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं ती 1611 मध्येच मांडली होती, पण तेव्हा फोटो काढणारा कॅमेरा कुठे होता!

मोबदला मात्र उजेडात द्यावा लागे. मागच्या भिंगानं प्रतिमा तिप्पट केली की प्रकाशन नऊपट लांबणार. इतका वेळ हरीण थांबतंय थोडंच? म्हणून सुरुवातीच्या वन्यजीव छायाचित्रकारांनी जवळ जाण्याच्याच वाटा शोधल्या. इंग्लंडचे कीर्टन बंधू पोकळ बैलाच्या पोटात दडून पक्ष्यांचे फोटो काढत. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवत. पाय लागला की फ्लॅश उडे आणि वाघ स्वतःचाच फोटो काढून जाई. या फोटोंचं त्यांचं पुस्तक 1927 सालचं.

पुढचं सगळं शतक उजेड, रंग आणि वजन यांच्याशी झटण्यात गेलं. लांब भिंगात लाल-निळे किरण एका जागी जुळत नाहीत, कडांना रंगीत झालर येते. हे किरण जुळवायला कॅननं कृत्रिम फ्लोराइट स्फटिक वाढवून 1969 मध्ये 300 मिमीच्या लेन्समध्ये बसवला. हा स्फटिक उष्णतेनं प्रसरण पावतो, म्हणून पुढे मोठ्या लेन्सना पांढरा रंग आला. तो रुबाब मुळात उन्हापायी! 1995 मध्ये एसएलआरच्या लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा आली. ती हात सावरते, पळणारं जनावर नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

वजनाचं गणित कुणालाच चुकलेलं नाही. नाभीय अंतराला एफच्या आकड्यानं भागा: 500 मिमी एफ/4 म्हणजे पुढची काच निदान 125 मिमी रुंद, एफ/5.6 म्हणजे सुमारे 89. निकॉननं 2018 मध्ये फ्रेनेल पद्धतीची, म्हणजे बारीक वर्तुळाकार खाचांची काच वापरून 500 मिमी एफ/5.6 लेन्स दीड किलोच्या आत आणली. त्यांचीच एफ/4 तीन किलोंवर जाते.

म्हणून ‘किती एमएम?’ एवढंच विचारून लेन्स घेऊ नका. ताडोब्यात रस्त्यावर आलेल्या वाघाला 100-400 पुष्कळ होते. पाखरांसाठी 500-600 हवीच. पण पहाटेच्या अंधुक उजेडात एफ किती आणि तुमचा खांदा किती वेळ टिकतो, हे आधी पाहा. शक्य असेल तर एका सफारीपुरती भाड्यानं आणा, मगच पैसे मोजा.