औंढ्याचे कीर्तन घुमानला

१/ टाळ-मृदंगाच्या साथीने गाणारा आणि गाता गाता शिकवणारा कलावंत परमुलखात गेला, तर तेथे मागे काय उरते? हिंगोली जिल्ह्यापाशी याचे सातशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे : संत नामदेव (१२७०–१३५०).

२/ एक परंपरा हिंगोलीजवळील नरसी हे त्यांचे जन्मस्थान मानते. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. तेथील आख्यायिका अशी : शिंपी जातीच्या नामदेवांचे कीर्तन थांबवून त्यांना देवळामागे धाडले गेले. ते तेथेच गाऊ लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले.

३/ पुढे नामदेव उत्तरेस गेले. पंजाबातील घुमान (जि. गुरदासपूर) हे त्यांचे तेथील मुख्य स्थान. श्रोते बदलले, तशी पदांची भाषाही बदलली.

४/ १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे रागांनुसार आहेत. त्यांत ‘बीठल’ हे नाव आहे आणि जातीमुळे उठवलेल्या भक्ताकडे देऊळ फिरल्याची हकिकतही! गावाचे नाव मात्र नाही.

५/ मराठी अभंगकर्ते आणि हे पदकर्ते एकच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही एकाच अपमानाची स्मृती दोन्ही मुलखांनी जपली, हे निर्विवाद.

६/ २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. गुरुद्वारांत ही पदे आजही गायिली जातात, आणि त्या गायनासही कीर्तनच म्हणतात. ज्याला देवळामागे धाडले, त्याचे शब्द तेथे ग्रंथाच्या गाभ्यात आहेत.