वन्यप्राण्यांचा अभ्यास आणि नीतिविचार : महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वन्यप्राण्यांचा अभ्यास ही ज्ञानसाधना असली तरी ज्याचा अभ्यास करावयाचा, त्या प्राण्याची संमती घेता येत नाही. त्यामुळे प्राण्याला किती त्रास द्यावा आणि त्यातून मिळालेले ज्ञान कोणाच्या उपयोगी पडावे, हे ठरविण्याची जबाबदारी अभ्यासकावरच येते. या जबाबदारीचे स्वरूप काळानुसार कसे बदलत गेले, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

बंदुकीपासून कायद्यापर्यंत :
बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना मुंबई येथे १८८३ मध्ये झाली. तिने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्या काळी अभ्यास म्हणजे प्राणी मारून त्याची कातडी व कवटी जतन करणे असे. त्याशिवाय जाती ओळखणे व त्यांचा प्रदेश ठरविणे कठीण होते, हेही मान्य करावे लागते. पुढे १९५९ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांना सोडून देण्याचे कार्य सुरू झाले. अभ्यासानंतरही प्राणी जिवंत राहावा, हा विचार येथे दृढ झाला.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने यास कायद्याचे अधिष्ठान दिले. या अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेत प्राणी पकडण्याचाही समावेश होतो. म्हणून संशोधनासाठी बिबट्या पकडावयाचा असल्यासही कलम १२ खाली परवानगी आवश्यक ठरते. अभ्यासकाचा हेतू चांगला असला, तरी तेवढ्याने त्याला मोकळीक मिळत नाही.

जुन्नरचा अनुभव :
पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात उसाच्या शेतांत बिबट्यांना आसरा मिळाला. २००१ ते २००३ या काळात तेथे पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले या काळात सरासरी १७ पर्यंत वाढले. अपरिचित प्रदेशात सोडलेल्या प्राण्याचे वर्तन न अभ्यासता केलेल्या उपायाची किंमत ग्रामस्थांनी मोजली. अभ्यास न करणे हाही नैतिक दोष ठरू शकतो, हे यावरून दिसून येते.

‘आजोबा’ :
२००९ मध्ये तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्यास बाहेर काढण्यात आले. गळ्यात जीपीएस पट्टा बसवून त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने तो ओळखला गेला. वस्त्या, रस्ते व लोहमार्ग ओलांडत, कोणावरही हल्ला न करता, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

भूल, पट्टा आणि अनोळखी मुलूख हा भार त्या प्राण्याने वाहिला. बिबट्याला कोठेही नेऊन सोडले तरी तो तेथेच राहील असे नाही, हे ज्ञान त्यातून हाती आले. या ज्ञानाचा उपयोग झाला, तरच त्या भाराचे समर्थन करता येईल.

निष्कर्ष :
१. प्राणी मारून केलेल्या अभ्यासाकडून त्याला जिवंत ठेवून केलेल्या अभ्यासाकडे झालेला प्रवास हा नैतिक प्रगतीचा भाग आहे. परंतु पट्टा व भूल यांतही जोखीम असल्याने प्रत्येक वेळी गरज तपासली पाहिजे.
२. कायदा शासनाची परवानगी मागतो. ज्यांच्या शेतात बिबट्या वावरतो त्या शेतकऱ्यांना विश्वासात घेणे मात्र अभ्यासकाच्या विवेकावर राहते. पायवाटेवरील स्वयंचलित कॅमेरा तेथून जाणाऱ्या माणसांचीही छायाचित्रे टिपतो, हे विसरता येत नाही.
३. संशोधनाचे निष्कर्ष गावापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचले पाहिजेत. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या परिसरातही उसाची शेती आहे. जुन्नरची चूक अन्य ऊसपट्ट्यांत पुन्हा घडू नये, यासाठी तेथील अनुभव शेतकरी व ऊसतोड कामगारांपर्यंत वेळीच नेणे आवश्यक आहे.