रुपयाचे वजन आणि रुपयातली चांदी

दिवाळीत गिरगावातल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यातल्या डबीतून राणी छाप रुपये निघतात आणि चिंचेने घासून लक्ष्मीपूजनाच्या तबकात मांडले जातात. त्यांच्याविषयीचा सर्वमान्य सिद्धान्त असा : राणीचा रुपया म्हणजे तोळाभर अस्सल चांदी, त्या काळी पैशाची किंमत त्याच्या पोटातच असे, आजच्यासारखा तो नुसत्या शिक्क्यावर चालत नसे. यातला पहिला भाग जवळजवळ खरा आहे. दुसरा मात्र राणी हयात असतानाच खोटा ठरला होता.

आधी वजन. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला. हा बरोबर तोळा. पण त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस धातू. निव्वळ चांदी मऊ, हातोहात फिरून लवकर झिजणारी, म्हणून ही भेसळ सरकारनेच उघडपणे केलेली. शुद्ध चांदी उरते १०.६९ ग्रॅम. गंमत अशी की आजचे सराफ तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. तेव्हा ‘तोळाभर शुद्ध चांदी’ हे आजीचे म्हणणे तिच्या तोळ्याने चूक आणि नातवाच्या तोळ्याने बरोबर!

आता किंमत. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. चांदीचा भाव जगभर कोसळू लागला तशी हर्शेल समितीच्या शिफारशीवरून ती मुभा बंद झाली. पुढे रुपया सोळा पेन्सला बांधला गेला. १९०० च्या सुमारास त्यातली चांदी होती जेमतेम दहा-साडेदहा पेन्सची. वरचे पाच-सहा पेन्स कशाचे? शिक्क्याचेच.

पहिल्या महायुद्धात पारडे फिरले. चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे, आणि १९१७ मध्ये तो तसा गेलाच. सरकारने वितळवण्यावर बंदी घातली, त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली आणि चांदीसाठी अमेरिकेपुढे हात पसरले. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली तिथले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले; बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. हा डॉलर २६.७३ ग्रॅमचा, नव्वद टक्के चांदीचा, म्हणजे कसाला आपल्या रुपयाहून किंचित उणाच. तेव्हा १९१९ किंवा १९२० सालचा पंचम जॉर्जचा रुपया हाती आला, तर त्याच्या पोटात अमेरिकेची चांदी असण्याचा चांगलाच संभव आहे. ‘आपली जुनी चांदी’ म्हणून मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धात तर कसच उतरला. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी; बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा. वजन मात्र तिघांचेही तेच, ११.६६ ग्रॅम. नुसत्या तराजूवर हे तिन्ही रुपये एकाच मोलाचे ठरतील. म्हणून आधी साल वाचावे, मग कड पाहावी : १९४० नंतरच्या चांदीच्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच आहे, राणीच्या रुपयाला नुसत्या उभ्या रेघा.